घरगुती चार्जर, बिघडलेला फोन आणि शिक्षकाचे कर्तव्य

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेसाठी तयार केलेले व्याख्यान)



बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतील खेडेगावांत मोबाइल फोन ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. मार्च २०२० मध्ये शाळांची दारे बंद झाली, तेव्हा कित्येक घरांत शिक्षणाचा एकमेव धागा म्हणून हाच फोन उरला होता. पुढे शाळा पूर्ववत भरू लागल्या. तरी बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोड उघडून दीक्षावरील पाठ पाहणे, शाळेची सूचना पालकांपर्यंत पोचवणे, दिलेला अभ्यास घरी पुन्हा वाचणे ही कामे फोनवर होतच राहिली. पुष्कळ घरांत असा फोन एकच असतो. दिवसा तो वडिलांच्या खिशात असतो आणि रात्री मुलांच्या हातात येतो. तो चार्ज होईनासा झाला, म्हणजे त्या घरातील मुलाचे पुस्तकच मिटले असे म्हणावयास हरकत नाही.

फोन असणे ही एक गोष्ट, आणि त्यास वीज मिळणे ही दुसरी. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील सहकारी साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला, की बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांची कुटुंबे या भागात येतात आणि पाचटाच्या कोप्यांत राहतात. कोपीत विजेची जोडणी क्वचितच असते. शेतीपंपांची वीजही पाळीपाळीने मिळते; सबब विहिरीवर मुक्काम करणाऱ्या शेतकऱ्याची अडचण याहून फार निराळी नसते. अशा ठिकाणी ट्रॅक्टरची बॅटरी किंवा एखादे लहानसे सौर पॅनेल एवढाच विजेचा आधार उरतो. मग घरातील एखादे चौकस मूल तारांचे दोन तुकडे आणि बाजारातून आणलेला एखादा सुटा भाग घेऊन स्वतःच चार्जर जुळवते. ही धडपड कौतुकास पात्र आहे, यात शंका नाही. परंतु तिच्यात धोकाही आहे. आणि कौतुक व धोका या दोहोंचा मेळ कसा घालावा, हाच प्रस्तुत व्याख्यानाचा विषय होय.

उदाहरणादाखल एक प्रसंग कल्पनेने डोळ्यांपुढे आणावा. सातवीतील एका मुलाने ट्रॅक्टरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीपासून चार्जर तयार केला. त्यासाठी त्याने ७८०५ या क्रमांकाचा तीन पायांचा रेग्युलेटर आणला. याच्या पहिल्या पायाने वीज आत येते, मधला पाय बॅटरीच्या ऋण टोकास जोडावयाचा असतो, आणि तिसऱ्या पायातून ५ व्होल्ट बाहेर पडतात. दोन रात्री चार्जर उत्तम चालला. तिसऱ्या रात्री फोनवरील चार्जिंगचे चिन्ह एकदम नाहीसे झाले, ते पुन्हा उमटलेच नाही. वडिलांनी मुलाला मारले, आणि दुसऱ्या दिवशी मुलगा खाली मान घालून वर्गात बसला. यापुढे त्या मुलाचा हात पुन्हा कधी तारेस लागेल की नाही, हे बऱ्याच अंशी त्याच्या शिक्षकावर अवलंबून आहे.

फोनला वीज कशी मिळते

बिघाड शोधण्यापूर्वी व्यवस्था समजून घ्यावयास हवी. यूएसबी ही जोडणी १९९६ साली संगणकाला निरनिराळी उपकरणे जोडण्यासाठी पुढे आली. तिच्या मूळ रूपात चार तारा असतात. दोन तारांनी ५ व्होल्टची वीज वाहते. उरलेल्या दोन तारांनी माहितीची देवाणघेवाण होते. तांबडी तार धन, काळी ऋण, आणि हिरवी व पांढरी माहितीच्या, असा रंगांचा संकेत आहे. मात्र स्वस्त तारांत तो पाळला जातोच असे नाही. म्हणून रंगावर विसंबून जोडणी करू नये.

नीरा डाव्या कालव्याच्या प्रदेशातील विद्यार्थ्यांना व्होल्ट आणि अँपिअर यांतील भेद समजावणे अवघड नाही. कालव्यातील पाण्याची पातळी शेतापेक्षा जितकी उंच, तितका पाण्यास जोर अधिक. हा झाला विद्युतदाब, म्हणजे व्होल्ट. दर क्षणाला किती पाणी शेतात शिरते, ती झाली विद्युतधारा, म्हणजे अँपिअर. दारे जितके उघडावे तितकेच पाणी शेतात येते. तद्वत चार्जरवर २ अँपिअर लिहिले असले, तरी तो तेवढी धारा फोनमध्ये लोटत नाही. आपल्याला लागेल तेवढीच फोन घेतो. म्हणून अधिक अँपिअरच्या चार्जरला भिण्याचे कारण नाही. भ्यावयाचे ते अधिक व्होल्टला. पातळीच चढली, तर बांध फुटतो.

शीघ्र चार्ज करणारे आजचे चार्जर ९ व्होल्ट किंवा त्याहूनही अधिक देतात, हे खरे. परंतु ते आरंभी ५ व्होल्टच देतात आणि माहितीच्या तारांवरून फोनची संमती मिळाल्यावरच दाब वाढवतात. घरगुती चार्जरला अशी विचारपूस करता येत नाही.

माहितीच्या तारांचे आणखी एक काम आहे. हिरवी व पांढरी तार चार्जरच्या बाजूस एकमेकींना जोडलेल्या असल्या, की समोर संगणक नसून चार्जर आहे, असे फोन ओळखतो आणि मोकळेपणाने धारा घेतो. त्या सुट्या राहिल्या, तर काही फोन अगदी थोडी धारा घेतात आणि काही मुळीच घेत नाहीत. घरगुती चार्जरवर चार्जिंगचे चिन्ह दिसते पण टक्के चढत नाहीत, या तक्रारीचे हे एक नेहमीचे कारण होय. येथे फोन बिघडलेला नसतो. त्याला ओळख पटलेली नसते. चपट्या, दोन्ही बाजूंनी बसणाऱ्या सी प्रकारच्या जोडणीत २४ संपर्कबिंदू असतात, आणि तेथे ही ओळख लहान रोधांच्या साहाय्याने पटवली जाते. त्यामुळे त्या जोडणीवर घरी डाख लावण्याचा प्रयत्न न करणेच इष्ट.

अपघात का घडतो

वरील उदाहरणातील रेग्युलेटर १२ व्होल्ट घेऊन ५ व्होल्ट देतो. मधल्या ७ व्होल्टचे तो उष्णतेत रूपांतर करतो. फोनने अर्धा अँपिअर धारा घेतली, तर ७ गुणिले अर्धा, म्हणजे ३.५ वॅट उष्णता त्या नखाएवढ्या भागात निर्माण होते. ट्रॅक्टरचे इंजिन चालू असताना बॅटरीचा दाब १४ व्होल्टच्या आसपास जातो. मग उष्णताही वाढते. उष्णता बाहेर टाकणारी ॲल्युमिनियमची पट्टी लावली नसेल, तर रेग्युलेटर तापून स्वतःच बंद पडतो व निवला की पुन्हा चालू होतो. फोनवरील चिन्ह ये-जा करू लागते, ते यामुळे.

याहून गंभीर प्रकार मधल्या पायाचा. वारंवार तापल्याने व हिसक्याने त्याचा डाख सुटला, म्हणजे रेग्युलेटरला ५ व्होल्ट मोजण्याचा आधारच राहत नाही, आणि बॅटरीचा बहुतेक सारा दाब बाहेरच्या टोकावर येतो. फोनला ५ च्या जागी १० किंवा १२ व्होल्ट मिळतात. धन व ऋण तारांची अदलाबदल हा दुसरा घातक प्रकार. '१२ व्होल्टचे' म्हणून विकले जाणारे सौर पॅनेल भर उन्हात, काही न जोडता मोजल्यास २० व्होल्टच्या वर दाब दाखवते, हेही विद्यार्थ्यांना सांगून ठेवावे.

फोनच्या आत अशा आघातापासून रक्षण करणारी योजना असते. आघात लहान असेल तर ती दार बंद करून घेते, आणि योग्य चार्जर लावल्यावर फोन पूर्ववत चालतो. आघात मोठा असेल तर रक्षण करणारा भाग किंवा चार्जिंगचा मुख्य भाग जळतो. अशा वेळी फोन बॅटरी संपेपर्यंत चांगला बोलतो, परंतु नवी वीज घेत नाही.

आधी सुरक्षितता

अपघातानंतर पहिले काम म्हणजे जोडणी सोडवणे आणि तो चार्जर बाजूला ठेवणे. तो खरोखर बिघडला आहे काय, हे पाहण्यासाठी दुसरा फोन कदापि लावू नये. एकाच्या जागी दोन फोन जातील.

मग फोनचा वास घ्यावा, त्याची पाठ चाचपावी. लिथियम-आयन बॅटरी १९९१ पासून बाजारात आहे. तिच्या शोधाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. थोड्या जागेत पुष्कळ ऊर्जा साठवणे हा तिचा गुण, आणि बिघडल्यास पेट घेणे हा तिचा दोष. तिचा घट साधारणपणे ४.२ व्होल्टच्या पुढे चार्ज करावयाचा नसतो. फोनची पाठ फुगली असेल, गोडसर उग्र वास येत असेल, किंवा जोडणी सोडवल्यावरही फोन तापत असेल, तर पुढील एकही परीक्षा करू नये. तो दाबू नये, टोचू नये, चार्जिंगला लावू नये. पाचट, कागद, कपडे यांपासून दूर, उघड्यावर फरशीवर किंवा वाळूवर ठेवावा आणि जाणत्या कारागिराच्या हवाली करावा. पाचटाच्या कोपीत ही सूचना दुप्पट महत्त्वाची आहे.

बिघाड शोधण्याचा क्रम

फोन थंड व सपाट असेल, तर शोधास आरंभ करावा. येथे एकच नियम आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि जे दिसेल ते लिहून ठेवावे. चार्जर, तार आणि फोन हे तीन संशयित होत. तिघांनाही एकदम बदलले, तर दोषी कोण ते कधीच कळत नाही.

प्रथम फोनचे तोंड उजेडात पाहावे. शेतातील धूळ, खिशातील कापसाचे तंतू तेथे दाबून बसतात. त्यामुळे तारेचे टोक पुरते आत जात नाही. अपघाताच्या दिवशीच हा दोष लक्षात आला, म्हणजे सारा ठपका विनाकारण घरगुती चार्जरवर येतो. फोन बंद करून लाकडी दातकोरणीने हलक्या हाताने कचरा काढावा. सुई किंवा टाचणी वापरू नये, कारण धातूने आतील पिना एकमेकींना भिडतात. आत ओल असल्यास फोन सावलीत वाळू द्यावा. पिना काळ्या पडल्या असतील किंवा प्लॅस्टिक वितळले असेल, तर तेथेच थांबावे.

नंतर फोन एकदा बंद करून चालू करावा. बॅटरी पूर्ण उतरली असेल, तर चांगल्या चार्जरवर अर्धा तास ठेवून वाट पाहावी. अगदी रिकामी बॅटरी प्रारंभी अत्यल्प धारा घेते, आणि तेवढा वेळ फोन मेल्यासारखा दिसतो. अर्ध्या तासाच्या धीराने अनेक फोन 'दुरुस्त' होतात.

यानंतर अदलाबदल. शाळेतील चालू स्थितीतला चार्जर, चांगली तार आणि चालू फोन हाताशी असावा. नोंद पुढीलप्रमाणे करता येईल:

१. शाळेचा चार्जर, शाळेची तार, शाळेचा फोन : चार्ज होतो.
२. शाळेचा चार्जर, शाळेची तार, मुलाचा फोन : चार्ज होत नाही.
३. शाळेचा चार्जर, मुलाची तार, शाळेचा फोन : चार्ज होतो.

पहिल्या ओळीने शाळेची साधने निर्दोष ठरतात, तिसऱ्या ओळीने मुलाची तार सुटते, आणि दुसऱ्या ओळीवरून दोष फोनमध्ये आहे असा निष्कर्ष निघतो. तिसरी परीक्षा करण्यापूर्वी तारेची टोके जळालेली किंवा वाकलेली नाहीत, हे मात्र पाहून घ्यावे. दुसऱ्या ओळीत फोन चार्ज होऊ लागला, तर फोन वाचला. मग तार किंवा घरगुती चार्जर यांपैकी कोणाचा दोष, एवढेच पाहावयाचे उरते.

दोष फोनमध्ये ठरल्यास, आणि लावलेला चार्जर किंवा तार तापत नसल्यास, फोन शाळेच्या संगणकाला जोडून पाहावा. या परीक्षेसाठी जिच्यातून पूर्वी माहिती गेली आहे अशीच तार घ्यावी. काही तारांत केवळ विजेच्याच दोन तारा असतात, आणि त्या वापरल्यास निष्कर्ष चुकतो. संगणकाने फोन ओळखला, तर तोंड व माहितीच्या तारा शाबूत आहेत, दोष आतील चार्जिंगच्या भागात असावा. संगणकाने काहीच ओळखले नाही, तर तोंड किंवा त्यालगतचा भाग निकामी झाला असण्याचा संभव अधिक. पुष्कळ फोनांत तोंडाची पट्टी मुख्य फळीपासून वेगळी असते व ती बदलता येते. त्यामुळे हा भेद कारागिराला उपयोगी पडतो. फोनमध्ये अजून थोडी बॅटरी शिल्लक असेल, तर हीच वेळ साधून महत्त्वाचे क्रमांक, छायाचित्रे व कागदपत्रे अन्यत्र उतरवून घ्यावीत. तारेविना चार्ज होण्याची सोय ज्या फोनात आहे, तो त्या मार्गानेही काही काळ चालवता येतो.

कारागिराकडे जाताना खरी हकीकत सांगावी. "आपोआप बंद पडला" असे सांगण्यापेक्षा "१२ व्होल्ट लागले असावेत" असे सांगितल्याने त्याचे अर्धे काम होते. नोंदीचा कागदही सोबत द्यावा. फोन उघडणे हे मात्र वर्गातील काम नव्हे.

चार्जरची परीक्षा

फोनची व्यवस्था लागल्यावर चार्जरकडे वळावे. कारण बिघाड का झाला हे कळल्यावाचून मुलाचे शिक्षण पुरे होत नाही. शाळेत एक साधा मल्टिमीटर असावा. तो २० व्होल्टच्या एकदिश धारेच्या टप्प्यावर ठेवून घरगुती चार्जरचा दाब मोजावा. यूएसबीच्या मूळ मानकाप्रमाणे तो ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या दरम्यान हवा. उलट चिन्ह दिसल्यास धन-ऋण उलटे झाले आहेत. १० किंवा १२ व्होल्ट दिसल्यास मधला पाय तपासावा.

केवळ रिकाम्या चार्जरचे मोजमाप पुरेसे नाही. १० ओहमचा, ५ वॅटचा रोध चार्जरला जोडावा. ५ व्होल्ट भागिले १० ओहम, म्हणजे अर्धा अँपिअर धारा वाहते, आणि रोध २.५ वॅटने तापतो. म्हणून तो ५ वॅटचा घ्यावयाचा. हा रोध फोनच्या जागी उभा राहतो, आणि बिघाड झाला तरी नुकसान काही पैशांचेच होते. पंधरा मिनिटांनी दाब पुन्हा मोजावा. तारा हलवून पाहाव्यात. एवढ्या कसोटीला न उतरलेला चार्जर फोनजवळ नेऊ नये. सातवी-आठवीच्या वर्गाला ओहमचा नियम शिकवताना याहून जिवंत उदाहरण क्वचितच मिळेल.

ट्रॅक्टरच्या बॅटरीवर काम करताना धन टोकालगतच फ्यूज असला पाहिजे. एरवी तारा भिडल्यास शेकडो अँपिअर धारा वाहून तारा लाल होतात. वाहनासाठी तयार मिळणारा, फ्यूज असलेला चार्जर दाब उतरवताना फारच थोडी ऊर्जा उष्णतेत घालवतो; रोजच्या वापरासाठी तोच घ्यावा. घरातील २३० व्होल्टच्या विजेवर चालणारा चार्जर मुलांनी उघडू अगर बनवू नये, याबाबत सवलत असू नये. असे चार्जर विकत घेताना त्यावर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी-खूण व 'आर' अक्षराने सुरू होणारा क्रमांक पाहून घ्यावा. २०१२ च्या शासकीय आदेशाने अशी नोंदणी सक्तीची करण्यास आरंभ झाला.

शिक्षकाने काय करावे

पुणे जिल्ह्यातच शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता शिकावे, आणि ते काम गावाच्या उपयोगी पडावे, ही तेथील शिक्षणाची दिशा. १९३७ च्या वर्धा परिषदेपासून नई तालीमच्या रूपाने हाच विचार या देशातील शिक्षकांपुढे आहे. कोपीतील मुलाने चार्जर जुळवला, तेव्हा त्याने अभ्यासक्रमाची वाट न पाहता हेच शिक्षण सुरू केले होते. त्यात मोजमाप तेवढे राहून गेले होते.

ते मोजमाप त्याला देणे हे शिक्षकाचे काम. "कशाला हात लावलास?" असे विचारल्याने मुलाचा हात थांबतो, "जोडण्यापूर्वी किती व्होल्ट मोजलेस?" असे विचारल्याने त्याचा हात सुधारतो. पालकांची समजूत घालतानाही शिक्षकाने दोन्ही बाजू मांडाव्यात. कष्टाच्या पैशाचा फोन गेल्याचे दुःख खोटे नाही. परंतु मुलाने चूक लपवली नाही, उलट ती शोधून काढण्यास मदत केली, याचे मोल त्यांना दाखवून द्यावे. ऊसतोड कामगारांचे मूल काही महिनेच या शाळेत असते. हंगाम संपला की ते गावी परतते. तेवढ्या अवधीत मल्टिमीटर हाती धरावयास शिकले, तर ती विद्या त्याच्याबरोबर जाते.

प्रत्येक शाळेने आपल्या विज्ञानपेटीत एक मल्टिमीटर, १० ओहमचा एक रोध, एक खात्रीचा चार्जर आणि एक खात्रीची तार ठेवावी. विद्यार्थ्याने घरी बनवलेले कोणतेही विद्युत्साधन वापरण्यापूर्वी शाळेत आणून मोजून घ्यावे, असा परिपाठ पाडावा, आणि मोजमापाची नोंद त्याच विद्यार्थ्याच्या हातून करवून घ्यावी. यास फार खर्च येत नाही, वेळापत्रकातही मोठा बदल करावा लागत नाही. दोन्ही तालुक्यांतील शिक्षक हा परिपाठ येत्या हंगामापूर्वी सुरू करतील, अशी अपेक्षा आहे.